नागरबाईची हजेरी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर मॅच बघितली. सकाळची वेळ. मोबाईल तांब्याला टेकवलेला, मी शेंगा फोडतोय, अन् माझी बायको नागरबाई चष्मा लावून मांडीवर रजिस्टर घेऊन बसलेली. भारताच्या पोरींची फुटबॉलची मॅच. आमच्या तामलवाडीत क्रिकेट सोडून दुसरं काय बघणारी ही एकटीच म्हातारी.

ती शाळेत खिचडी शिजवायची. पातेलं घासता घासता मैदानावरच्या पोरी बघून तिला हा नाद लागला. शाळेतनं एक जुनं हजेरीचं रजिस्टर मागून आणलं अन् देशाच्या टीमची हजेरी मांडायला लागली. वर तारीख, डावीकडं पोरींची नावं. लांबलांबच्या पोरी, नावं जिभेवर बसंनात, म्हणून हिनंच सगळ्यांची बारशी केली. डावखुरी, खळीवाली, वेणीवाली. खेळली तर ह. न्हाय खेळली तर गै. गोल मारला की ह च्या डोक्यावर टिकली. आपल्या देशात मॅच असली तर म्हायेरची, बाहेर असली तर सासरची. सासरच्या गोलाची टिकली मोठी.

मी एकदा म्हणालो, "गोल तर गोल. सासरचा काय अन् म्हायेरचा काय!"

"तुम्ही गेला व्हता का कधी सासरी नांदायला?"

मी शेंगा खात बसलो.

शेजारचा दत्तू न्हावी एकदा मोबाईलमध्ये बघून म्हणाला, "काकू, तुमच्या रजिस्टरात एक मॅच कमी भरती."

"ती सरावाची व्हती. साखरपुडा लग्नात धरत्यात व्हय रं?"

दत्तू त्या दिवशी दाढी पुरी न करताच गेला. माझी अर्धी राहिली.

पण वेणीवाली चार मॅच गैरहजर झाली अन् हिचा घास उतरंना. "लगीन तर न्हाय लावलं कुणी तिचं?"

"पाय मुरगळला असंल."

"पाय मुरगळलेली पोरगी परत येती. लगीन लावलेली येत न्हाय."

"ती काय तुझ्या खिचडीच्या रांगेतली हाय का?" मी हसलो. ती हसली न्हाय.

त्या शेवटच्या सकाळी वेणीवाली मैदानाबाहेर बसलेली दिसली. आता उतरंल, मग उतरंल, तेवढ्यात नेट गेलं. सगळ्यांचं ह, गै लावून झालं, वेणीवालीचा एक चौकोन मोकळा राहिला.

म्हणालो, "लाव ह अन् मोकळी हो."

"खोटी हजेरी लावायची न्हाय. उद्या शाळेत जाऊन खेळाच्या बाईंना इचारून या."

उठली, चहा ठेवला, अन् चुलीपाशीच खाली बसली ती बसलीच. ऊन उतरायच्या आत तिची माती झाली. गाव जमलं. मी रडलो न्हाय. माणसं म्हणाली, गडी दगड हाय. म्हणू द्या. मला सारखा तो मोकळा चौकोन दिसत व्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर काखेत मारून शाळेत गेलो. सुतकाचा माणूस, म्हणून गेटाबाहेरच थांबलो. खेळ शिकवणाऱ्या शेख बाई पळत आल्या. "काका, तुम्ही कशाला आलात? मीच येत होते."

"ते ऱ्हाऊ द्या. वेणीवाली खेळली का?"

बाईंना ही सगळी बारशी पाठ. त्यांनी मोबाईल बघितला. "खेळली काका. शेवटची दहा मिनिटं उतरली."

मी गेटावर रजिस्टर टेकवून ह काढला. मला सहीपुरतंच लिहिता येतं, चौकोनाच्या बाहेर गेला जरा.

बाईंनी पदर डोळ्याला लावला. "काका, एखादी पोरगी तीन दिवस आली नाही की मावशी तिच्या घरी जायच्या. हातात खिचडीची पळी तशीच. दोन पोरींची लग्नं थांबवली त्यांनी."

मला हे माहीत न्हवतं. घरी उशिरा आली की म्हणायची, मिरच्या निसत बसले व्हते. चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी इचारलं न्हाय, एवढ्या कसल्या मिरच्या.

"आता कोण येत न्हाय?" मी म्हणालो.

"आठवीतली राधा. आज तीन दिवस झाले. पाव्हणे बघून गेलेत म्हणतात."

राधाचं घर पाण्याच्या टाकीपाशी. मी रस्त्यावरच उभा राहिलो. मला बघून तिचा बाप बशीतला चहा तसाच ठेवून उठला. "काका! कालच काकू गेल्या... अन् तुम्ही असं दारात..."

"पोरीला शाळंत धाड. मग जातो."

"सोमवारपासनं धाडतो."

"मग सोमवारपतोर मी हितंच हाय."

शेजारच्या बाया दारात आल्या. बापानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सुतकाच्या म्हाताऱ्याला हाकलावं कसं, अन् घरात या म्हणावं कसं? मी खाली धोंड्यावर बसलो.

तेवढ्यात आतनं पोरीचा आवाज आला, "आये, माझं दप्तर कुठं ठिवलंस गं?"