बिनदोरीची तिरंदाजी

ख्रिस्ती उन्हाळी शिबिरातला तिरंदाजीचा तास यंदा रद्द होणार होता, कारण प्रशिक्षक मिळत नव्हता. हे कळताच माझ्या लेकीने जेवण सोडलं. वर्षभर तिने एकच धोशा लावला होता: एक बाण मारायचाय. खरा. एकदाच. शेवटी मी उठले आणि पाळकसाहेबांना सांगितलं, मी होते प्रशिक्षक. मी शिवणकाम शिकवते; धनुष्याला जन्मात हात लावलेला नव्हता.

"उत्तम," पाळकसाहेब म्हणाले. "म्हणजे काही चुकीचं शिकलेल्या नसणार."

नवरा म्हणाला, "अगं, तुला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो." मी तिकडे दुर्लक्ष केलं.

माझं प्रशिक्षण प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत होतं, घडीच्या खुर्च्या आणि बंद पडलेला पियानो यांच्या मधल्या जागेत. शिकवणारे गृहस्थ शिट्टीसाहेब म्हणून प्रसिद्ध होते. गळ्यातली शिट्टी ते आंघोळीलाही काढत नाहीत, असं त्यांच्या पत्नी कौतुकाने सांगत. त्यांनी स्वतः कधी बाण मारला होता का, असं मी भीतभीत विचारलं.

"पोटाचं ऑपरेशन शिकवणारा आधी स्वतःचं पोट कापून घेतो का?" शिट्टीसाहेब कडाडले.

पहिला आठवडा शिट्टीत गेला. छोटी शिट्टी, लांब शिट्टी, आणि नियम मोडणाऱ्याने मुकाट रांगेत परतावं म्हणून पश्चात्तापाची शिट्टी. मग लक्ष्याचा फळा आला, आणि त्याच्याबरोबर पालकांच्या प्रतिनिधी म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. गेल्या वर्षी त्यांच्या चिरंजीवांचा बाण फळ्याच्या कडेला लागला होता आणि ते घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले होते.

"मधोमध लाल ठिपका ठेवायचा म्हणजे कडेची लेकरं कमी प्रतीची, असंच ना?" बाईंनी विचारलं. "प्रभूला हे चालेल?"

प्रभूला परस्पर विचारण्याची सोय नसल्यामुळे ठिपका पुसण्यात आला. मग वर्तुळं पुसली. उरला पांढरा फळा. पण फळा पांढरा असला तरी नेम चुकू शकतो, हे डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं. तेव्हा असं ठरलं की आधी मुलाने बाण सोडावा आणि तो जिथे जाईल तिथे प्रशिक्षकाने फळा घेऊन पोहोचावं.

"अहो, हे तर वरातीमागून घोडं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

शिट्टीसाहेबांना ते एकदम पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते या पद्धतीला 'घोडं' म्हणू लागले, आणि मी फळा काखेत मारून मैदानभर घोडं करू लागले. माझ्या गुडघ्यांची पार वाट लागली.

सरावात एक बाण माझ्या कानाजवळून सूं करत गेला. शिबिराची समिती हादरली. प्रशिक्षकाचा जीव मोलाचा होता, कारण दुसरा प्रशिक्षक नव्हता. फळा काढावा तर मुलं दुखावणार, मला काढावं तर तास रद्द. पुष्कळ विचाराअंती धनुष्याची दोरी काढण्यात आली.

"मग बाण जाणार कसा?" मी विचारलं.

"श्रद्धेने," शिट्टीसाहेब म्हणाले.

पाळकसाहेब खोकले. "श्रद्धेला उगाच कशाला कामाला लावता? मनाने जाईल, असं म्हणा."

परीक्षेत शिट्टीसाहेबांनी मला विचारलं, "मुलाचा नेम चुकला तर काय कराल?"

"पुन्हा मारायला सांगेन."

"नापास!" शिट्टीसाहेबांनी कपाळावर हात मारला. "पुन्हा म्हणजे आधीचा चुकला! हे तुम्ही लेकराच्या तोंडावर सांगणार?"

माझे डोळे भरून आले. मी नापास म्हणजे तास रद्द, आणि घरी लेक डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होती. मी फेरपरीक्षा मागितली. या वेळी मी म्हणाले, "टाळ्या वाजवेन." पास झाले. माझ्या गळ्यात समारंभपूर्वक शिट्टी घातली गेली. घरी आल्यावर लेकीने मला कडकडून मिठी मारली. दोरीचं सांगायचा धीर मला झाला नाही.

समारोपाला सगळे पालक जमले. मुलं बिनदोरीची धनुष्यं घेऊन उभी राहिली. मी शिट्टी वाजवली, त्यांनी बोटं उघडली, आणि आधीच बाण खोचून ठेवलेला फळा मी प्रत्येकासमोर मिरवत नेला. टाळ्याच टाळ्या. डॉक्टरीणबाईंना तर हुंदका आवरेना.

शेवटी माझी लेक आली. तिच्या धनुष्याला कपडे वाळत घालायची दोरी ताणून बांधलेली होती. फळा टेकवून मी बाजूला झाले होते. तिने एक डोळा मिटला, जीभ बाहेर काढली आणि बाण सोडला. ठक्! फळ्याच्या बरोब्बर मधोमध.

अहाहा! ऊर असा भरून आला म्हणता! पण टाळी एकही पडली नाही. पालकांत कुजबूज उठली, की हिचा लागला म्हणजे आमच्यांचा काय लागला नव्हता?

"आई, लागला ना?" लेक ओरडली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी प्रशिक्षित होते. मी पश्चात्तापाची शिट्टी वाजवली.

लेकीने धनुष्य खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता रांगेत जाऊन उभी राहिली. तेव्हा कुठे टाळ्या झाल्या. काय मेली आई आहे, असं म्हणताय ना? म्हणा, खुशाल म्हणा. पण दुसऱ्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होतं, ते मी तिथून बघितलंय. आणि जाताना तुम्हीच मला विचारलंत, पुढच्या वर्षी आमच्या बाळाला घ्याल ना?