गावाचे कायमचे पंच

ताम्हिणीत राहायला आलो, त्या पहिल्याच रविवारी दुपारी ओसरीवर जरा लवंडलो होतो. जाग आली तर उशाशी एक गृहस्थ उभे. "उताना पडलेला, डोकं दक्षिणंला, अंगावर जखम न्हाई," असं पुटपुटले आणि म्हणाले, "उटा, च्या घेऊ." माझी बोबडीच वळली. हे आमचे शेजारी, बबनतात्या.

घाटात कुणी मारून टाकलेला माणूस सापडला, की पंचनाम्यावर सही करायला पोलिसांना गावातले साक्षीदार लागतात. नेमकी तेव्हाच साऱ्या गावाला शेतात कामं निघतात. तात्या मात्र धुतलेली टोपी घालून हजर. ती भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरलीय, की लग्नाच्या पंगतीतही मोठ्यानं म्हणतात, "पूर्वेला जिलबी, पश्चिमेला भात, वाटी उपडी, घटनास्थळी आमटी सांडलेली." शेजारच्याचा घास घशात अडकतो आणि त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकी, कपाळावर हात मारतात.

एकदा त्यांनी माझ्याकडचं खऱ्या खुन्यांवरचं जाडजूड पुस्तक मागून नेलं. मग रोज सकाळी कुंपणावरून तक्रार. "ह्यात पंच कुटंच न्हाईत. पंचाबिगर खून असतोय व्हय?"

परवा पुस्तक परत द्यायला आले, ते चेहरा पाडूनच. एका ओळीवर बोट ठेवलं. तिथल्या खुन्यानं एका बाईला मारून आमच्या घाटात टाकलं होतं.

"ही माज्यासमोर दरीतनं वर काढली. हातात हिरव्या बांगड्या व्हत्या. कोन, कुटली, कायबी कळलं न्हाई. हितं तरी नाव गावंल म्हनून पुस्तक नेलं."

इतके दिवस मी त्या तक्रारींना हसत होतो.

"खुन्याच्या कुत्र्याचं नाव हाय ह्यात," तात्या म्हणाले. "हिचं न्हाई."

"पण तात्या, तुम्हाला नाव कशाला हवंय?"

"भादव्यात तिचं पान ठेवतो. तिला न्यायलाच कुनी आलं न्हाई, मग जेवाय कोन घालनार? पर नाव घेऊन बोलवाय लागतं. मी आपला नुसतं 'बाई, जेवून जा' म्हनतो. दरसाल वाटतं, दुसरीच कुनी जेवून गेली."

"काकींना माहीत आहे?"

"सैपाक तीच करती."

तात्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"औंदा चंद्रा म्हनून बोलवतो," शेवटी म्हणाले. "माजी थोरली भन. न्हानपनीच गेली. तिचं नाव घ्यायला माज्याबिगर कुनी उरलं न्हाई. दोघी जेवतील."