दोन शटरचा गाळा, भरपूर वर्दळ

माणसं कमी झाली की जागा वाढते, हा निसर्गाचा नियम आहे; आणि वाढलेली जागा विकावी लागते, हा व्यापाराचा. त्या प्रांतात दोन्ही नियम काटेकोरपणे पाळले जात. मैलामागे पावणेदोन माणसं होती (यातला पाऊण बहुधा दलाल असावा) आणि माणशी तीन गाळे विक्रीला होते.

हा सगळा व्यवहार मोकेकाका बघत. कोणतीही जागा त्यांना मोक्याचीच वाटे, म्हणून हे नाव पडलेलं. बंद पडलेल्या पेट्रोल पंपाला ते 'शांत परिसर' म्हणत, छप्पर उडालेल्या गोदामाला 'भरपूर उजेड'. यात लबाडी नव्हती. काकांचा स्वतःच्या बोलण्यावर मनापासून विश्वास होता, आणि दलालीला याहून मोठी पात्रता लागत नाही.

कुणी जागा बघायला येणार असलं की बाजारपेठेत वर्दळ भरवली जाई. ज्याला काही विकायचंय त्यानं दुसऱ्याच्या जागेसमोरून ये-जा करायची, अशी परतफेडीची सुंदर व्यवस्था होती. (सगळ्यांनाच काही ना काही विकायचं असल्यानं सूट कुणालाच नव्हती.) चाल घाईची असावी. हातात पिशवी असावी. ओळखीच्या माणसाशी बोलत उभं राहू नये, कारण सगळेच ओळखीचे. कडेवरचं मूल वेगळं माणूस म्हणून मोजलं जाई. दाताचे डॉक्टर सायकलवरून जात, म्हणजे त्यांना लवकर परत येता येई.

न्हाव्याचा दोन शटरचा गाळा हा काकांचा शेवटचा सौदा ठरायचा होता. तो झाला की काका-काकू कायमचे शहरात लेकीकडे जाणार होते. लेकीनं एक खोली रिकामी करून ठेवली होती. काकूंनी भांडीकुंडी बांधून टाकली होती, आणि नातीला रोज शाळेत सोडायला जायचं या आनंदात त्यांच्या भाजीत हल्ली मीठ दोनदा पडत होतं.

शहरातून एक औषधविक्रेते गाळा बघायला आले. त्या दिवशी वर्दळ अगदी दृष्ट लागण्यासारखी झाली. पाहुणे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काका, एवढी माणसं समोरून जातायत, तर हा न्हावी विकतोय कशाला?"

काकांना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी वळून रस्त्याकडे पाहिलं. खरंच, कशाला? समोरून मास्तर लगबगीनं चालले होते, डॉक्टरांची सायकल घंटी वाजवत होती. न्हाव्याला व्यापार कळत नाही, एवढाच निष्कर्ष काकांना काढता आला. पाहुणे "कळवतो" म्हणून निघून गेले, आणि दिवस मावळायच्या आत काकांनी इसार देऊन गाळा स्वतःच घेतला. (न्हाव्यानं त्यांना सावध केलं, पण सही झाल्यावर.)

"अहो, ती गर्दी तुम्हीच भरवली होती ना?" काकू म्हणाल्या. "मी स्वतः तीनदा गेले समोरून! एकदा तर तुमचीच छत्री घेऊन!"

"भरवली गं मीच," काका म्हणाले. "पण बघ ना, काय उसळली होती!"

काकू एकट्याच लेकीकडे गेल्या. जाताना रडल्या, पण थांबल्या नाहीत. पाठोपाठ न्हावीही गेला. वर्दळ तेवढ्यानं घटली.

काका आता रोज दोन्ही शटर उघडून बसतात. नात फोनवर विचारते, "आजोबा, कुणी आलं का हो?" आजोबा सांगतात, "अगं, आत्ता तर सुरुवात आहे." फोन ठेवला की त्यांना फार एकटं वाटतं.

तेव्हा गाळा पुन्हा विक्रीला आहे. मालक कौटुंबिक कारणासाठी विकत आहेत. (काकांच्या कारकिर्दीतलं हे पहिलं तंतोतंत खरं वाक्य.) 'म्हातारा अडलाय, स्वस्तात सुटेल,' असं वाचताना ज्यांच्या मनात येऊन गेलं, त्यांनी जरूर यावं. फक्त एक दिवस आधी कळवावं. माणसं आता मोजकीच उरली आहेत, तुमच्यासाठी गर्दी जमवायला जरा वेळ लागतो.