एका फुगडीची खरेदी-प्रक्रिया

गिरगावातल्या खांबेटे कुटुंबाला व्हिडिओ कापण्या-जोडण्याजोगा एक कॉम्प्युटर हवा होता. मागणी रास्त होती, मुदत पुरेशी होती आणि घरात जाणकार माणूस होता. काम बिघडायला याहून जास्त काय लागतं?

जाणकार माणूस म्हणजे घरचे कर्ते, अवधूतराव. एका निमसरकारी महामंडळाच्या खरेदी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि या एकतीस वर्षांत एकही चुकीची वस्तू खरेदी केली नव्हती. मुळात वस्तू फारशा खरेदीच केल्या नव्हत्या. कोणी टाचण्या मागितल्या की टाचण्या येईपर्यंत तो माणूस निवृत्त व्हायचा आणि त्याच्याच निरोपाच्या दिवशी फलकावर कागद लावायला त्या उपयोगी पडायच्या. अवधूतरावांचं नाव खात्यात आदरानं घेतलं जायचं ते काही उगाच नाही.

मागणी होती सुमेधाची, म्हणजे त्यांच्या बायकोची. तिच्या मंगळागौर-मंडळानं श्रावणात झिम्मा-फुगडीचे खेळ केले होते आणि त्याचं बावन्न मिनिटांचं शूटिंग तिच्याकडे होतं. परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळानं स्पर्धा लावली होती. त्यातून नेटका सात मिनिटांचा व्हिडिओ करून एकतीस ऑगस्टच्या संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. निवडलेले व्हिडिओ तिथल्या गणेशोत्सवात मोठ्या पडद्यावर दाखवणार. सुमेधानं आधी फोनवर प्रयत्न करून पाहिला. फोन तव्यासारखा तापला. घरातला जुना कॉम्प्युटर तर साधा फोटो उघडतानाही आधी केस दाखवायचा, मग कपाळ आणि नाकापर्यंत येऊन दमायचा.

घाई होती ती राधाबाईंमुळे. लालबागच्या राधाबाई वय वर्षं शहात्तर, मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या आणि फुगडीत सगळ्यांत चपळ. त्यांची नात प्रिती त्याच परदेशी गावात राहायची आणि नऊ वर्षांत इकडे फिरकली नव्हती. राधाबाईंचे गुडघे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बदलायचे ठरले होते. त्या एक दिवसाआड फोन करायच्या.

"काय गो सुमेधा, झाला काय कापूचा काम? डॉक्टर म्हणता गुडघे नवे गावतले, पण फुगडी बंद. म्हंजे हीच शेवटची. माझी फुगडी कापू नको हां, बाकी काय व्हया ता काप. प्रितीक दिसाक व्हयी, मोठ्या पडद्यार, सगळ्यांच्या समोर."

"पाठवते हो राधाबाई. कॉम्प्युटर आला की दोन दिवसांचं काम आहे," सुमेधा सांगायची.

तीन ऑगस्टला तिनं जेवताना विषय काढला. अवधूतरावांनी घास खाली ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यापुढे स्वतःच्या घरची मागणी आली होती. त्यांना गहिवरून आलं.

"लेखी दे," ते म्हणाले.

सुमेधाला वाटलं नवरा थट्टा करतोय. तिनं दूधवाल्याच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं. अवधूतरावांनी त्या चिठ्ठीला फाइल केली, फाइलला नाडी बांधली आणि पहिल्याच पानावर अडचण नमूद केली: घरात एक संगणक उपलब्ध आहे. तो निकामी ठरल्याशिवाय दुसरा घेता येत नाही. सबब आधी जुन्याचं निर्लेखन (नोंदीतून कमी करणे) व्हावं.

निकामी ठरवायला त्रयस्थ माणूस हवा. तो घरातच होता. अवधूतरावांचे वडील, अप्पा, सरकारी लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षीही आमटी दुसऱ्यांदा का वाढली याचा खुलासा मागायचे. अप्पांनी जुन्या यंत्राची पाहणी केली आणि शेरा दिला, "उत्तम चालतो."

"अप्पा, काय चालतो?" सुमेधा कळवळून म्हणाली. "व्हिडिओ उघडत नाही त्यात."

"मी रोज पत्ते खेळतो त्याच्यावर. काल तीन डाव लागले."

या शेऱ्यावर आठ दिवस गेले. शेवटी सुमेधानं अप्पांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या देखत मंगळागौरीचा व्हिडिओ उघडायला घेतला. अप्पांचा चहा झाला, पेपर झाला, डुलकी झाली. जागे होऊन पाहतात तर पडद्यावर राधाबाईंचा एक हात आला होता. अप्पा न्यायी माणूस. त्यांनी 'पत्ते वगळता निकामी' असं प्रमाणपत्र सहीनिशी दिलं.

आता तांत्रिक तपशील ठरवायचे. अवधूतरावांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण न कळणाऱ्या वस्तूंचे तपशील ठरवण्यातच त्यांची हयात गेली होती. तज्ज्ञ म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या जगदीशला बोलावलं. जगदीश विमा कंपनीत होता. चार वर्षं तो रोज रात्री कॉम्प्युटरच्या परीक्षणांचे व्हिडिओ पाहत होता आणि 'पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय' म्हणून अजून त्यानं काहीच घेतलं नव्हतं. अशा माणसाइतका निःपक्षपाती तज्ज्ञ मिळणं कठीण.

"काकू, तुमचं शूटिंग साधं आहे," जगदीश म्हणाला. "सोळा जीबी रॅम, बऱ्यापैकी प्रोसेसर, एक एसएसडी, छोटंसं ग्राफिक कार्ड. बास झालं."

"मग तेच आणू या ना!" सुमेधा उठलीच.

"पण हे आजचं झालं," जगदीशनं चहात बिस्किट बुडवलं. "उद्या तुम्ही फोर-के शूट केलंत तर? परवा एट-के? फ्यूचर-प्रूफ नको का, अवधूतकाका?"

फ्यूचर-प्रूफ! अवधूतरावांना शब्द फार आवडला. त्यांनी तो टिप्पणीत तीनदा वापरला. मग रॅम चौसष्ट झाली. चौसष्टला शोभेल असा प्रोसेसर आला. प्रोसेसर तापणार म्हणून पाण्यानं थंड होणारा कूलर आला. ग्राफिक कार्ड पाट्याएवढं निघालं, ते मावावं म्हणून कॅबिनेट कपाटाएवढं झालं. ते कपाट ठेवायला अप्पांची कॉट आडवी लावायचं ठरलं आणि एवढ्या विजेवर फ्रिज नि कॉम्प्युटर एका वेळी चालणार नाही असं वायरमननं सांगितल्यावर घरात वेळापत्रक लागलं: सकाळी दूध, दुपारी एडिटिंग.

"अवधूत, मला सात मिनिटांचा व्हिडिओ करायचाय," सुमेधा म्हणाली. "उपग्रह सोडायचा नाहीये."

"उद्या सोडावासा वाटला तर?" अवधूतरावांनी विचारलं.

अठरा तारखेला अवधूतराव लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. तिथल्या एका गाळ्यात हितेंद्रभाईंनी यादी पाहिली, अवधूतरावांची फाइल पाहिली, नाडी पाहिली आणि माणूस ओळखला.

"सरकारी दिसता साहेब. तीन कोटेशन लागणार ना?" त्यांनी खण उघडला. आत तीन वेगवेगळ्या दुकानांचे कागद होते. एक स्वतःचं, एक मेहुण्याचं आणि तिसरं वडिलांचं, जे दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. "बोलो, कोणाला लोएस्ट ठेवू?"

अवधूतरावांचे डोळे पाणावले. जगात अजून इतकी समंजस माणसं आहेत! तिन्ही कोटेशनं बंद पाकिटांत, लाखेच्या मोहरेसह घरी आली. अप्पांच्या समक्ष ती फोडली गेली आणि अप्पांनी भिंग मागवलं.

"तिन्ही पाकिटांवर एकाच कपाचा डाग कसा?"

आक्षेप बिनतोड होता. फेरनिविदा निघाली. या खेपेला हितेंद्रभाईंनी तीन वेगळ्या कपांतून चहा सांडला आणि पाकिटं निर्दोष ठरली. पण तोवर पंचवीस तारीख उजाडली होती. जगदीश धावत आला, कारण यादीतल्या कार्डाचं नवं मॉडेल आलं होतं.

"जुनं घेतलंत तर हसतील लोक," तो म्हणाला.

अवधूतरावांनी यादी मागे घेतली. आता कोटेशनांचा तुलना-तक्ता नव्यानं करणं ओघानंच आलं.

सुमेधाचा धीर सुटला. अठ्ठावीसला ती स्वतःच हितेंद्रभाईंच्या गाळ्यावर गेली, नाव सांगितलं आणि म्हणाली, "भाऊ, समोर ठेवलाय तो साधा कॉम्प्युटर द्या. आत्ता घेऊन जाते."

हितेंद्रभाईंनी कानाला हात लावला. "मॅडम, साहेबांची प्रोसेस चालू आहे. मधेच माल दिला तर पार्टी डिस्क्वालिफाय होते. मेहुण्याकडे पण जाऊ नका, तो पण बिडर आहे."

एकतीस तारखेला सुमेधा दुपारपासून जुन्या यंत्रापुढे बसली. एक-एक तुकडा ओढत, जोडत, देवाचं नाव घेत तिनं सहा मिनिटं पन्नास सेकंद जमवले. शेवटी राधाबाईंची फुगडी: नऊवारीचा काष्टा, उडालेली वेणी आणि त्या वयात तो हसरा गरगराट. पावणेसहाला फाइल तयार व्हायला लागली. चौऱ्याण्णव टक्क्यांवर यंत्रानं मान टाकली आणि पडदा निळा झाला. सहा वाजून गेले तरी निळाच होता.

तेवढ्यात दार उघडून अवधूतराव आले. हातात कागद, चेहऱ्यावर तेज.

"सुमेधा, मंजूर झालं! आत्ताच सही केली. एकही आक्षेप शिल्लक नाही."

सुमेधा रडली. अगदी ओक्साबोक्शी रडली. "मी त्या म्हातारीला काय तोंड दाखवू रे, अवधूत?"

अवधूतराव खरोखरच हेलावले. त्यांनी कागदाची एक प्रत तिच्यासमोर ठेवली. खाली 'माहितीस्तव' म्हणून तिचंच नाव होतं.

कॉम्प्युटर चार सप्टेंबरला आला. त्याच दिवशी राधाबाईंचे दोन्ही गुडघे बदलले. सुमेधा दवाखान्यात गेली, तेव्हा राधाबाईंनीच तिला जवळ बसवलं.

"रडतंस कित्याक गो? डॉक्टरान माझे गुडघे बदलले, त्येका तीन कोटेशना नाय लागली. तुझ्या घोवाक हय कामाक लाव." आणि मग भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "बघूक व्हयी हुती पण प्रितीन."

इकडे अवधूतरावांना भरून आलं होतं ते वेगळ्या कारणानं. इतकी निर्दोष खरेदी झाली आणि जगाला पत्ता नाही! नव्या यंत्रावर त्यांनी पहिला व्हिडिओ केला: 'घरगुती एडिटिंगसाठी संगणक कसा निवडावा? एक आदर्श कार्यपद्धती.' लांबी सत्तेचाळीस मिनिटं. फाइल कशी उघडावी, निर्लेखन कसं करावं, कोटेशनं कशी मागवावीत, सगळं सविस्तर. कार्डाची ताकद दाखवायला काहीतरी हलतं चित्र हवं होतं, म्हणून हाताशी होती ती राधाबाईंची फुगडी चार सेकंद टाकली. "पाहा," अवधूतराव त्यात म्हणतात, "कुठेही अडकत नाही."

व्हिडिओ तुफान चालला. दोन लाख लोकांनी पाहिला. खाली प्रश्नांचा पाऊस: सर, कूलर कुठला? सर, बत्तीस जीबीत भागेल का? सर, दिवाळीपर्यंत थांबू का? अवधूतराव प्रत्येकाला क्रमवार उत्तर देतात. दोन लाखांतल्या एकानंही आपल्याला नक्की काय कापायचंय ते लिहिलेलं नाही. सगळे जगदीशचे भाऊबंद.

त्या गर्दीत एक प्रश्न मात्र वेगळा आहे. परदेशातून आलेला, प्रिती नावाच्या मुलीचा: "एकविसाव्या मिनिटाला ती फुगडी घालणारी माझी आजी आहे का?" त्याखाली अवधूतरावांचं उत्तर आहे: "कृपया विषयाला धरून प्रश्न विचारावेत."

तेव्हा वाचकहो, शेवटी अवधूतरावांनी कुठलं मॉडेल घेतलं, ही जी चुटपुट मघापासून तुम्हाला लागली आहे, तिचं उत्तर त्या व्हिडिओखालीच दिलेलं आहे. बघायला जाणार तुम्ही, ठाऊक आहे. जाताच आहात तर त्या पोरीला तेवढं कळवा, आजीच आहे म्हणून.