पारावरचं राज्यशास्त्र

साल १९९९. आमचा हिंगोली जिल्हा नवा झाला तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो. शाळा म्हणाल तर दुसरी. तेवढ्यावर जन्मभर मेंढरं सांभाळली अन् कुणापुढं मान खाली घातली नाही. अशा मला त्या उन्हाळ्यात कुंडलिक सरांनी रस्त्यात अडवलं. सर नुकतेच हायस्कुलातून रिटायर झालेले. मी राम राम घातला, तर म्हणतात, "राज्याचे घटक किती?"

सर सगळ्यांनाच असं करायचे. उत्तर मिळाल्याशिवाय राम राम परत नाही. औंढ्याच्या एसटीत कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं तर त्याला म्हणाले, "आधी सांगा, कर अन् भाडं यात फरक काय?" कंडक्टरनं घंटी मारून गाडीच थांबवली. "काका, उतरा अन् चालत चालत इचार करा."

जन्मभर त्यांनी नागरिकशास्त्र शिकवलं. पोरं इतिहास पाठ करायची अन् मागची ही पानं सोडून द्यायची. आता नवा जिल्हा झालाय, मोठ्या माणसांना तरी कळू द्या म्हणून सरांनी मारुतीच्या पारावर संध्याकाळचा वर्ग काढला. फळा स्वतः डोक्यावर घेऊन यायचे. "एवढा वर्ग टिकला पाहिजे, सटवाजी," असं मला भेटेल तेव्हा म्हणायचे.

मी गेलो तो शिकायला नाही, भांडायला. सर म्हणाले, राज्याला लोक लागतात, ठरलेली जमीन लागते, सरकार लागतं, अन् वर कुणाचा हुकूम चालत नाही.

मी उठलो. "सर, आमी मेंढरं घेऊन आज ह्याच्या शेतात बसतो, उद्या त्याच्या. लोक हायेत. सरकार म्हंजी मी. हुकूम कोणाचा ऐकत न्हाई. जमीन तेवढी बदलत ऱ्हाते. मंग आमचं राज्य काहून न्हाई?"

सरांनी वर्ग तिथंच सोडला. खडू तसाच हातात. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "तुम्ही रात्री झोपू दिलं नाही मला." अन् फळ्यावर वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सटवाजींचा प्रश्न'. माझं नाव, फळ्यावर! उत्तर त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही, हे मी अजून सांगतो.

मग पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला हळद निघाली. दिवसभर हळद शिजवून माणसं पारावर डुलक्या द्यायला लागली. सर तेव्हा बहुमत शिकवून राहिले होते. एक दिवस गंगाराम न्हावी उठला.

"सर, ठराव मांडायचा हाय."

सरांचा चेहरा असा फुलला म्हणता! "मांडा, मांडा! आपला पहिला ठराव! अनुमोदक कोण?"

"वर्ग बंद करावा," गंगाराम म्हणाला.

सरांनी तो आपल्याच हातानं फळ्यावर लिहिला. हात वर करा म्हणाले. सगळ्यांचे वर. विरोधात माझा एकट्याचा. दुसऱ्याचा हात बघून मी कधी हात वर केलेला नाही.

"ठराव मंजूर."

"सर, तुमी मास्तर हाय ना? न्हाई म्हणा की!" मी ओरडलो.

"तसं म्हटलं तर इतके दिवस काय शिकवलं मी, सटवाजी?"

फळा मी उचलला अन् त्यांच्या घरी नेला. त्यांची मंडळी वारलेली, पोरगं पुण्याला. ओसरीत दिवा नव्हता. जड वाटलं म्हणून मी म्हणालो, "चला, आता संध्याकाळचं घरी बोलत बसता येईल."

सर हसले. "कोणाशी? इथं मीच बहुमत अन् मीच अल्पमत."

त्या रात्री त्यांनी झोपू दिलं नाही मला. मला!

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं सोडली ती रानाकडं नेली नाहीत, सरळ सरांच्या अंगणात घातली. सर तोंडात दातवण धरून बाहेर आले. "हे काय, सटवाजी?"

माझी काठी त्यांच्या हातात दिली. "रानात चला. तो ठराव पारापुरता. तिकडं मेंढरं हात वर करत न्हाईत."