मोज्याने मोडलेली कंबर

हजारभर जवानांना वाळूची पोती खांद्यावर देऊन पळवणारे हवालदार सकाळी पलंगाखालचा एक मोजा काढायला वाकले आणि तिथेच अडकले. मोज्याचं वजन ते केवढं! पण कमरेला कोण समजावणार?

"अहो, रजा टाका," बायको म्हणाली.

"आज? मोठे साहेब तपासणीला येतायत. कंबर गेल्याचं कळलं तर मैदान सुटलं म्हणून समज. स्टोअरमध्ये चादरींच्या घड्या घालत बसावं लागेल!"

बायकोनं पट्टा आवळला आणि आडवं झाल्यावर उठायचं कसं ते शिकवलं. कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, मग कोपरावर भार देऊन हळूच बसायचं.

मैदानावर चाळीस नवे जवान उभे होते. हवालदारांची शिकवण्याची रीत ठरलेली. स्वतः करून दाखवायचं, जवानांनी हुबेहूब तेच करायचं, आणि शंका विचारली की मैदानाला पाच फेऱ्या. त्यामुळे हवालदार डावा हात कमरेवर ठेवून आले, तसे चाळीस डावे हात निमूटपणे कमरेवर गेले.

आजचा धडा होता शिट्टीसरशी जमिनीवर झोकून द्यायचं आणि ताडकन उठायचं. हवालदार कसेबसे आडवे झाले. ताडकन उठणं काही नशिबात नव्हतं. ते कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले, कोपर टेकलं आणि कळवळले, "आई गं!"

"आई गं!" चाळीस गळ्यांनी मैदान दणाणलं.

"हे काय नवीन?" मागून आवाज आला. मोठे साहेब!

हवालदारांना दरदरून घाम फुटला. "साहेब, ते... एकदम उठलं की शत्रूला डोकं दिसतं. असं उठलं की दिसत नाही."

"आणि ते आई गं?"

"श्वास सोडायला, साहेब."

"अस्सं!" साहेबांचं कुतूहल चाळवलं. त्यांनी एका जवानाभोवती फेरी मारली, गुडघा टेकून त्याचं कोपर न्याहाळलं. "दुखतं का रे?"

"नाही साहेब. उलट बरं वाटतं."

"बरं वाटतं?" साहेबांनी टोपी काढली. "थांबा, मीच करून बघतो."

साहेब बेतानं आडवे झाले, कुशीवर वळले आणि तसेच राहिले. मिनिट गेलं, दोन गेली.

"हवालदार," साहेब हळूच म्हणाले, "पोरांना पाठ फिरवायला सांगा. आणि इकडे या."

पाठी फिरल्या. हवालदार पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर बसले.

"कधीपासून आहे तुमची?"

"काय, साहेब?"

"कंबर हो! खरं सांगा."

संपलं सगळं. हवालदारांचा चेहरा एवढासा झाला. "सकाळपासून, साहेब."

"माझी सहा वर्षं झाली," साहेब कुजबुजले. "तुम्ही माझं बोलू नका, मी तुमचं बोलत नाही. आता गुडघे घेतलेत पोटाशी. पुढचं सांगा लवकर!"