मलाई बेगम रोज फरार

"कोथिंबिरीत मांजरीचा केस निघाला म्हणून प्रकरण सुटलं? काल माझ्या बिर्याणीत केस होता, मग काय आचाऱ्याला मांजर म्हणू? जिलानी, तोंड बंद! जासूस मी आहे का तू?"

"तुम्हीच, मामू. म्हणून तर आठवडा चाललाय."

मामूने टपली मारली. मी रागाने पाना खाली आपटला. तो माझ्याच पायावर पडला, ते जाऊ दे.

मामू म्हणजे गौस मामू. स्वतःबद्दल तो असं सांगतो, "अख्ख्या याकुतपुऱ्यात भिंतीपलीकडचं दिसणारा एकच माणूस आहे. गुन्हेगार मला बघून आपणहून घामाघूम होतो." होतो खरं. मे महिन्यात सगळेच होतात. खरा धंदा खिडक्यांना जाळ्या ठोकायचा आणि घरं मांजरींच्या सोयीची करून द्यायचा. दुकानाच्या पाटीवर त्याने नंतर स्वतःच्या हाताने "आणि जासूसी" रंगवलं. शेवटचं अक्षर मावलं नाही, ते शेजारच्या शिंप्याच्या दारावर गेलं.

मी त्याचा मदतनीस. नववीत मास्तर म्हणाले, "बाहेर जा." मी गेलो, परत वळलोच नाही.

तर प्रकरण असं. खैरुन खाला दुसऱ्या मजल्यावर राहते. तिचे गुडघे गेलेत, तीन वर्षांत ती जिना उतरलेली नाही. सोबतीला म्हणून तिच्या मुलाने, मुख्तारभाईने, मलाई आणून दिली. इराणी जातीची मांजर. नाक असं चपटं, की वाटावं, कुणीतरी तोंडावर दार आपटलंय. मुख्तारभाईचं स्वतःचं खानदान बांगड्यांच्या दुकानापासून सुरू होतं, मांजरीचं मात्र तो थेट इराणच्या बादशहापर्यंत नेतो. "ती गल्लीतल्या बोक्यांत गेली तर माझी काय इज्जत राहील?"

म्हणून मामूने घर मांजरीच्या सोयीचं केलं. सगळ्या खिडक्यांना जाळ्या. भिंतीवर चढायला फळ्या. एक झुला. नखं घासायला सुतळी गुंडाळलेला खांब. मलाईने खांबाकडे नीट बघितलं आणि सोफा फाडला. माणसांना बसायला आता एकच जागा उरली, खालाची खिडकीतली खुर्ची.

एवढं करूनही मलाई रोज दुपारी गायब! संध्याकाळी घरात हजर, पंजे काळे, तोंडाला कलेजीचा वास.

मामूचा पहिला संशय मोरीच्या पाइपवर. त्याने हात घालून बघितला. हात काढायला प्लंबर आणावा लागला.

दुसरा संशय दूधवाल्यावर. आम्ही त्याच्या मागे मागे फिरलो. शेवटी तोच थांबून म्हणाला, "अर्धा लिटर देऊ का मियाँ, की नुसतेच फिरणार?"

मग मामूने घरभर पीठ पसरलं, ठसे उमटावेत म्हणून. उमटले! माग काढत आम्ही जिना उतरलो, गल्ली ओलांडली आणि सरळ चहाच्या हॉटेलात पोचलो. ठसे मामूच्या चपलांचे होते. आलोच आहोत म्हणून चहा घेतला.

"आता कळलं," बशीतला चहा फुंकत मामू म्हणाला. "संध्याकाळी परत येते ती मलाई नव्हेच. बदललेली मांजर आहे. हाक मारतो तर वळूनसुद्धा बघत नाही!"

"मामू, मांजर आहे ती. कुणाच्याच हाकेला वळत नाही."

या सगळ्यात खाला रोज म्हणायची, "अरे, मला काही सांगायचंय." आणि मामू रोज म्हणायचा, "आपा, तुम्ही आराम करा, तपास चालू आहे."

जुम्म्याला मुख्तारभाई घरी होता, आणि भडकलेला. "एकच खिडकी राहिलीय, अम्मीची. फळ्या ठोका, विषय संपवा."

त्या खिडकीच्या जाळीला मामूनेच एक झडप ठेवली होती, खालाची टोपली दोरीने खाली सोडायला. टोपलीतून भाजी येते, पान येतं, कुणाच्या घरी काय चाललंय तेही येतं. मामू म्हणाला होता, "सरळ भिंत आहे. इथून उतरायला मांजर नाही, पाल लागेल."

खाला फळ्यांकडे बघत राहिली. "मग मी दिवसभर काय बघू? हा खांब?"

"अम्मी, टीव्ही आहे ना."

माझं डोकं फिरलं. "हातोडा देणार नाही," म्हणालो. मामूने हिसकावून घेतला.

"ठोक बाबा," खाला म्हणाली. "आधी दुपारची टोपली तेवढी जाऊ दे."

तिने टोपली मांडीवर घेतली. मलाई फळीवरून उतरली, अंग ताणलं आणि पालखीत बसावी तशी टोपलीत बसली. खालाने झडप उघडून दोरी सोडली. खालून कलेजीवाला गफूर ओरडला, "सलाम, मलाई बेगम! आज उशीर?"

मामूचा हातोडा हवेतच.

"रोज तू सोडतेस तिला?" मुख्तारभाई.

"आणि वर कोण घेतं, इराणचा बादशहा?"

"सांगायचं ना, अम्मी!"

"कुणाला? तपास चालू होता." मग दोरीकडे बघत म्हणाली, "तुम्ही तिला फळ्या दिल्या, झुला दिला. कुठे जायचंय ते विचारलं? ती आली की मी तिच्या अंगाचा वास घेते. गफूरने मसाला बदलला ते मला तिच्यामुळेच कळलं. मी तर जात नाही. ती तरी जाऊन येऊ दे."



"मला पहिल्यापासून टोपलीचाच संशय होता," मामू म्हणाला. मी पाना शोधायला लागलो.

तेवढ्यात मुख्तारभाईने मामूच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि खालाची खुर्ची हलवून बघितली. मजबूत आहे का ते.

बाकीचं नंतर. वरून हाका चालल्यात, खालाने नवी ओढणी घेतलीय आणि गफूरने कढई चढवलीय. जिना उतरताना तिच्या खुर्चीचा एक पाय मला धरायचाय. दुसरा मामूने धरलाय, तेव्हा मला पळायलाच हवं.